बंब सारजाबाईंना दिला

शिरूर,
१४ फेब्रुवारी १९६३

प्रिय दबोरा,

सलाम. सोलापुरात तुझ्या वॉर्डातली गर्दी जरा ओसरली असेल असं धरून लिहायला बसले आहे. माझी तब्येत ठीक आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुझ्या मनात भलतंसलतं येईल. नाताळात शाळेतली माझी नोकरी संपली आणि मिशनच्या या खोल्या आता नव्या शिक्षिकेला द्यायच्या आहेत. घर आवरायला काढलं तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे मोडकं असं काही नाहीच. मोडकी वस्तू भंगारवाल्याला देता येते. चांगली चालणारी वस्तू घराबाहेर कशी काढायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझ्या बाबांची खरेदी तुला ठाऊक आहे. भांडं बोटाच्या पेराने वाजवायचे, कान लावून ऐकायचे, खाली ठेवून दुसरं उचलायचे. दुकानदार वैतागला की म्हणायचे, "तुम्ही रोज विकता, मी एकदाच घेणार आहे." बंब, स्टोव्ह, इस्त्री, शिवणाचं मशीन, सगळं लढाईच्या आधीचं. ते गेले त्या पावसाळ्यात मला या वस्तूंचा फार राग आला होता. मातीहून परत आलो आणि सारजाबाईंनी चहासाठी स्टोव्ह पेटवला, तर तो पहिल्याच पंपाला भरभरायला लागला. एरवी कधी तरी पिन मारावी लागायची. त्या दिवशी तरी त्याने अडून बसायचं होतं, असं मला वाटलं. हे मी कुणाशी बोलले नव्हते.

बंब मी सारजाबाईंनाच दिला. त्यांच्या गोठ्यातलं दूध पिऊन तुम्ही दोघं वाढलात. त्या बंबाभोवती दोनदा फिरल्या, नळी तपासली आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो तर अजून माझ्या नातवाच्या लग्नात पानी तापवील. तुमी काय कुठं लांब निघाल्या का काय?" मी म्हटलं, "लांब नाही, जवळच." त्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या सुनेने बंब डोक्यावर घेतला आणि दोघी बांधावरून गेल्या. लोखंडी पलंग कुणालाच दिला नाही. मडमबाई मायदेशी निघाल्या तेव्हाच्या लिलावातला तो पलंग. त्यावर तुझा जन्म झाला, त्यावरच तुझे बाबा गेले. तो दारातून बाहेर निघत नाही आणि त्याचे नट गंजून बसलेत. नव्या बाई त्यावर निजतील. मला त्याचं काही वाटलं नाही.

घड्याळाचं मात्र जरा सविस्तर सांगते. मागच्या उन्हाळ्यात ते चारला अकरा टोले देऊ लागलं. पाळकसाहेबांकडे बाप्तिस्म्याला दौंडहून इसहाक साळवे नावाचे त्यांचे पाहुणे आले होते, रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. घड्याळाची गोष्ट निघाली आणि त्यांनी आपणहून ते उघडायला घेतलं. वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडले, दुपारभर खपले, परत बसवलं, तर एक स्क्रू हातात उरला. तो त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "प्रेमाबाई, इंजिनाचं असं केलं असतं तर मला पेन्शन मिळाली नसती." मी हसले. इतकी हसले की पदर तोंडाला लावावा लागला. घड्याळ चालू झालं, टोले मात्र चुकतच राहिले. पुढच्या महिन्यात ते एसटीने स्क्रूची जागा शोधायला आले. त्यानंतरच्या महिन्यातही आले. तेव्हा स्क्रूचं नाव दोघांनीही काढलं नाही.

नव्या वर्षाला फिलिप आणि तुझी लिडियावहिनी आले होते. फिलिपने भिंतीवरचं घड्याळ स्वतःच उतरवलं. "बाबांची वस्तू आहे, ती दौंडला जायची नाही," म्हणाला. मी किल्लीही दिली. मग जेवताना म्हणाला, "या वयात तुला कमी काय आहे, आई? सगळं तर आहे घरात." मी म्हटलं, "आहे, आणि सगळं चालतंय. पण एकटीपुरत्या चहासाठी स्टोव्ह पेटवायचा मला कंटाळा येतो." त्याने ताट सरकवलं. निघताना लिडियाने माझा हात घट्ट दाबला, ते मी तिच्या नावे लिहून ठेवते.

तर दबोरा, मी इसहाक साळव्यांशी लग्न करते आहे. दोन रविवार चर्चमध्ये आमची नावं वाचली गेली, येत्या रविवारी तिसऱ्यांदा वाचतील. शनिवारी, तेवीस तारखेला सकाळी इथेच लग्न आहे. त्यांच्या घरी त्यांच्या पहिल्या बायकोची भांडी आहेत, तिच्या हाताने घासून पातळ झालेली. ती तशीच राहतील, मी त्यात स्वयंपाक करीन. तुझ्या बाबांना मी विसरत नाही, आणि साळव्यांनी तसं कधी सांगितलंही नाही. मी तुझी परवानगी मागत नाही, तू लहान आहेस. पण आपल्या चर्चमध्ये नवरीकडचे डावीकडे बसतात. साळव्यांकडून त्यांचे भाऊ, भावजया, शेडमधली माणसं, अशी उजवी बाजू भरेल. फिलिप येणार नाही असं त्याने कळवलं आहे. डावीकडचा पहिला बाक सध्या रिकामा आहे. शुक्रवारच्या गाडीने दौंडला उतरलीस तर दुपारच्या एसटीने संध्याकाळपर्यंत पोचशील. सुटी मिळत नसेल तर मेट्रनला कारण काय सांगायचं, असा प्रश्न तुला पडेल. आईचं लग्न आहे, असंच सांग.

तुझीच
आई