प्रणवने दिलेला आयता खेळ

मु. पो. पाम

चि. सौ. मंदास आक्काचे पोटभर आशीर्वाद. आमी इथे सगळी खुशाल. तुझा गुडघा वाणगावच्या जिन्यावर अजून कुरकुरतो का? माझे दोन्ही कुरकुरतात, पण मी सध्या एवढी आनंदात हाय की मला ऐकू येत नाय. कारण केदारचा साखरपुडा ठरल्या तारखेलाच होतोय, आणि उमरोळीच्या हिमानीशीच होतोय. मोडता मोडता राहिला. मोडत होता तो तुझ्या हुशार नातवाच्या, प्रणवच्या कृपेने, राहिला तो माझ्या. म्हणून म्हटलं, आभाराचं पत्र तरी लिहावं.

तुला ठाऊक हाय, माझा हा नातू बोईसरला कंपनीत जातो, आणि घरी आला की कंप्युटरात जातो. ओटीवरच्या कपाटात त्याने एक जादा कंप्युटर ठेवलाय, त्यात त्यांच्या खेळाचा गाव हाय. पाम-उमरोळीची पोरं आपापल्या फोनातून तिथे राहायला येतात. मलापण एक तुकडा दिलाय, त्यात मी चिकूची वाडी केलीय (वटवाघळं नाय, दलाल नाय, असली वाडी तुझ्या भावजींना जन्मात मिळाली नाय). माझ्या कुंपणाला लागून हिमानीचं घर. तिथेच ती दोघं बोलायला लागली, आणि मधे मी चिकू तोडत बसलेली, म्हणजे सगळं कसं मोठ्यांच्या देखत झालं.

आता हा खेळ चालवायला जो माल लागतो (केदार त्याला सॉफ्टवेअर म्हणतो), तो म्हणे बनवणारे फुकट देतात, पण कच्चा. आपण बघून घ्यायचा आणि आपल्या घरी कांडायचा. आपण मिरच्या घेऊन डंक्यावर जातो, तसंच. पाट टाकून समोर बसायचं, मसाला होईस्तोवर पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाय, नायतर दुसरीची देठं आपल्या डब्यात. केदार कांडून कांडून कंटाळला होता, सारखी चुकलं-चुकलं म्हणून तांबडी अक्षरं यायची. तेवढ्यात तुझा प्रणव जत्रेला आला (दोन डझन केळी घेऊन आला होता, त्यातली निम्मी त्यानेच खाल्ली, पण ते असो). म्हणाला, कशाला हात दुखवतोस, माझ्या ग्रुपवर सगळं तयार कांडलेलं मिळतं, नुसतं बोट लावायचं. कुणी कांडलं? माहीत नाय. कशात कांडलं? माहीत नाय. पण सगळे तेच वापरतात. वा! केदारच्या कंप्युटरात राखणीला एक अँटिव्हायरस की काय हाय, तो हा माल बघून बोंबलायला लागला, तर प्रणवने तोच बंद करायला लावला. कुत्रा भुंकतो म्हणून आधी कुत्र्याला बांधला आणि मग पाहुण्याला आत घेतला. शिकलेली मुलं ही.

थोडे दिवस गाव झकास चालला. मग एका संध्याकाळी माझी वाडी जळून कोळसा. हिमानीचं घर भुईसपाट. आणि तिच्या फोनवर केदारच्या नावाने निरोप, की तुला इथे कायमची बंदी, परत तोंड दाखवू नको. साखरपुड्याचे पेढे सांगून झालेले, आणि हे! तिचे वडील भगवंतभाऊ, सज्जन माणूस, त्यांनी फोन करून शांतपणे सांगितलं, मुलगी नको असेल तर तोंडावर सांगायचं, फोनात कशाला. केदार शपथा घेत होता, पण हिमानी त्याचा फोन घेईना, आणि निरोपावर तर त्याचंच नाव. पोराने दोन दिवस नीट जेवण केलं नाय. तुझा प्रणव म्हणाला, बंद करून परत चालू करा.

मी आपली माझा फोन बघत बसलेली, तर काय, तोच निरोप मलापण. अक्षर न् अक्षर. तशीच उठले, रिक्षा केली, उमरोळी गाठली, आणि फोन हिमानीच्या हातात दिला. तिने वाचला, परत वाचला, आणि फसकन हसली.

"आजी, हा केदार नाय. तुमाला हाकलून तो जेवणार कुठे?"

त्याच पावली माझ्याबरोबर आली. आधी नेटची वायर उपटली, मग कंप्युटर उघडून बघितला. त्या आयत्या मालात कुणीतरी स्वतःसाठी एक चोरकिल्ली ठेवूनच पाठवलेली. तो परका केव्हाही यायचा, केदारचं नाव घालून मिरवायचा, आणि त्या कंप्युटरातले पासवर्डही उचलून गेलेला. हिमानीने सगळं पुसलं, केदारला दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले, आणि कच्चा माल आणून पहिल्यापासून कांडायला बसवलं. तो कांडत होता, ती शेजारी, मी समोर पाट टाकून. पाणी प्यायलासुद्धा उठले नाय. माझी वाडी जुन्या साठवणीतून परत आली, पण रोपं वीतभर झालीत. भगवंतभाऊंनी जेवायलाच या म्हणून नंतर आमाला बोलावलं, आणि सगळं गोड झालं.

प्रणवला माझा आशीर्वाद सांग. एवढा उपकार कोण करतं आजकाल!

तुझी,
आक्का

ता. क. त्याला रागावू नको. फक्त त्याच्या लॅपटॉपात तो आयता माल अजून असेल तर काढून टाक म्हणावं.

दुसरा ता. क. साखरपुड्याला मसाला लागेल आणि माझ्याने यंदा डंक्यावर बसवत नाय. तू पाठव. विकतचा असला तरी चालेल, बरणीत भर म्हणजे झालं.

तिसरा ता. क., हा मोठ्याने वाचू नको. नव्या गावात हिमानीने सगळ्यांना सारखा हक्क दिलाय. उमरोळीच्या पोरांना जेवढा, तेवढाच मला. मी होणारी आजेसासू! माझ्या चिकूच्या दोन ओळी तिच्या अंगणात सहज बसल्या असत्या, पण कुंपण हलत नाय. तर प्रणवला विचार, तसली एक चोरकिल्ली माझ्यापुरती करता येते का. मी काय परकी हाय? मागचा माल काढून टाकायच्या आधी विचार. जमलं तर कागदावर लिहून मसाल्याच्या बरणीत तळाशी घाल. इथे कुणी उपसून बघायचं नाय. आपल्याच माणसाने पाठवलेलं कोण तपासतंय?