पुडी बोलली की आत्याबाई

१२ जुलै २००३, पुसेगाव

आज आत्याबाई स्वतःहून उठल्या. भिंतीला हात नाही, माझा खांदा नाही. शेळ्या सोडायला थेट गोठ्यापर्यंत गेल्या आणि परत येताना माझ्याकडे पाहून हसल्या. लग्नाला पाच वर्षं झाली, सासूबाईंना इतके दात आहेत हे आज कळलं.

पुडी लागू पडली म्हणायची. हे दर बाजारी आणतात, बाजारात सतरंजी टाकून बसणाऱ्या एका वैद्याकडून. कागदात बांधलेली तपकिरी पूड, वास सुंठीचा. गुडघे सुजून बाई वर्षभर खाटेला खिळलेली, आणि आठवड्यात चालायला लागते. असं काय असेल त्या पुडीत? बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी लग्न झालं नसतं तर निदान कुणाला विचारावं एवढं तरी कळलं असतं.

१५ जुलै

चाखून पाहिली. आधी सुंठ, मग मातकट काहीतरी, आणि अगदी शेवटी जिभेच्या मागे कडू. कडुलिंबाचा कडूपणा वेगळा. हा गोळी घशात अडकून विरघळली की लागतो तसा.

यांना सांगितलं. म्हणाले, "तुला काय करायचं? मायले गुण आला ना? झालं तर मंग."

बराबर आहे. पण तरी.

३ ऑगस्ट

आत्याबाई बोलतात! एरवी दिवसाकाठी मोजून शब्द, त्यातले निम्मे भाकरीच्या जाडीबद्दल. आता पहाटेच उठून अंगण झाडतात, भांडी घासतात आणि सगळा वेळ तोंड चालू. त्या नवीन नवरी असताना शेळीनं त्यांच्या लुगड्याचा पदर खाल्ला आणि सासऱ्यांसमोर अर्ध्या पदरानं वाढायची वेळ आली, ती गोष्ट आज सांगितली. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. आमची मीरा तीन वर्षांची, तिला काही कळलं नाही, पण तीही टाळ्या पिटत होती.

भूकही तशीच वाढली आहे. जेवण झाल्यावर परत गूळ-पोळी. खाऊ देत.

१९ ऑगस्ट

आज झालं ते शब्दशः लिहून ठेवते.

मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "शोभे, तुझं कालेज अर्धंच राह्यलं न्हाई का?"

"व्हय."

"मंग कर की पुरं. येत्या जूनमधी जाय हिंगोलीला, मोटारीनं काय लांब हाये? मीरीला मी पाहीन."

हे दारात होते. त्यांनीही ऐकलं. याच आत्याबाईंनी लग्नानंतर माझी पुस्तकं चुलीच्या कामाची म्हणून ठेवली होती. मी विचारलं, खरंच का? तर म्हणाल्या, "मी काय खोटी बोलते?"

दिवसभर पाय जमिनीवर ठरेनात. देव त्या वैद्याचं भलं करो.

१ सप्टेंबर

महालक्ष्म्या यायच्या म्हणून कासारीण आली होती. आत्याबाईंचा हात तिनं जरा दाबला, बांगड्या चढल्या आणि दुपारपर्यंत मनगटावर निळे-जांभळे डाग. कासारीण घाबरली. म्हणाली, "मी न्हाई एवढं दाबलं वो."

शेजारच्या पारूबाई आल्या होत्या. "सून लई खाऊ घालून राह्यली. तब्येत पाहा कशी झाली." मी आधी फुलले. मग नीट पाहिलं. गाल फुगून चेहरा अगदी वाटोळा, पोट सुटलेलं, मानेमागे मांसाचा उंचवटा. आणि हातपाय मात्र काड्या. पोलकं पोटाला दाटतं, बाह्यांत सैल पडतं.

खाल्लेलं सगळं जातं कुठं? हातांनी काय घोडं मारलं?

२६ सप्टेंबर

घट बसले. आत्याबाईंचा नवरात्राचा उपास कडक, दूध आणि पाणी, बस. सकाळी मी पुडी काढली तर माझा हात बाजूला केला. "पोटात जाते ते समदं अन्नच. नऊ दिस बंद."

हे म्हणाले, देवीपुढं औषध कशाला. मीही पुडी परत बांधून ठेवली. इकडे दर घरी असंच करतात. शिवाय पुडीशिवाय गुण टिकतो का हे मला पाहायचंच होतं.

३० सप्टेंबर

टिकत नाही. गुडघे परत धरले. आत्याबाई पडूनच. दूध उलटून पडलं. बसल्या की डोळ्यांपुढं अंधारी. बोलणं बंद. यांचं म्हणणं, उपास बाधला. मी म्हटलं, उपास सोडा. माझ्याकडे असं पाहिलं की मी दुधाचं भांडं उचलून बाहेर आले.

३ ऑक्टोबर, हिंगोली, दवाखाना

जे झालं ते सुचेल तसं लिहिते.

काल संध्याकाळची आरती. आत्याबाईंना उचलूनच घटापुढं बसवलं होतं. आरती अर्ध्यात आली आणि त्यांचं अंग थरथरायला लागलं. डोळे वर. घामानं कुंकू ओघळलं. पारूबाई ओरडल्या, "देवी आली! संचार झाला!" क्षणात बायका भोवती. कुणी मळवट भरला, कुणी ओटी घातली. एकीनं विचारलं, "आई, काय चुकलं आमचं?"

आत्याबाई पुटपुटल्या, "पाणी."

"पाणी म्हणून राह्यली! औंदा विहिरीला पाणी लागन!"

सगळ्यांनी हात जोडले. हेही आईच्या पाया पडले. मला कळेना. संचार मी माहेरी पाहिला आहे, त्यात अंग तापतं. मी आत्याबाईंचा हात धरला तर तो गार, ओलागच्च. त्यांना साधं पाणीच हवं होतं. वाटी ओठाला लावली, घोट गेला आणि तो उलटला. मान माझ्या मांडीवर पडली.

मग मी काय काय बोलले आठवत नाही. देवीच्या तोंडावर बोलले असं बायका म्हणतात. यांनी जीप आणली.

इथल्या डॉक्टरांनी बी.पी. पाहिलं, परत पाहिलं. सलाईन लावली. यांना विचारलं, "काय औषध चालू होतं?"

"काईच न्हाई. जडीबुटी."

डॉक्टर आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे, मग पोटाकडे पाहत राहिले. "ती बंद कधी केली?"

मी म्हटलं, घट बसले त्या दिवशी. त्यांनी लगेच एक इंजेक्शन दिलं. मी सलाईनच्या बाटलीकडं पाहत बसले. थोड्या वेळानं आत्याबाईंनी डोळे उघडून विचारलं, शेळ्या बांधल्या का.

मी बाहेर जाऊन रडले.

४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी आज वेळ काढून सांगितलं. मीच मागे लागले होते.

किडनीच्या डोक्यावर एक लहानशी गाठ, म्हणजे ग्रंथी असते, टोपीसारखी. ती एक रस तयार करते. त्याच जातीचं औषध गोळ्यांत मिळतं, स्टेरॉइड. दमा, सांधे, कितीतरी आजारांत ते जीव वाचवतं, पण मोजून द्यायचं असतं. त्यांच्या मते पुडीत हीच गोळी कुटून घातलेली. तोंड वाटोळं, डाग, काड्या झालेले हात, सगळं तिचंच. बाहेरून आयतं मिळायला लागलं की गाठ काम सोडते. आणि उपास, ताप, भीती, मार, अशा तणावाच्या वेळी शरीराला तो रस एरवीपेक्षा जास्त लागतो. आत्याबाईंनी ऐन उपासात पुडी बंद केली. बाहेरचा रस गेला, आतली गाठ झोपलेली.

म्हणजे मी चाखलेला कडूपणा तो हा. कळलं तेव्हा आधी बरंच वाटलं, खोटं का बोलू. किती दिवस हे एक डोक्यात होतं.

मग विचारलं, "पुडी घेताना त्या फार आनंदात असायच्या. हसायच्या, बोलायच्या. ते?"

"तेही तिचंच. काहींना फार उत्साह येतो, झोप कमी होते. काही उलट रडतात."

हे विचारायला नको होतं. आत्याबाईंचा जीव वाचला आहे आणि माझ्या डोक्यात काय, तर मुगाच्या शेंगा सोलतानाचा तो शब्द.

१४ ऑक्टोबर, पुसेगाव

घरी. दसरा दवाखान्यातच गेला. आता पुडीऐवजी डॉ.ची गोळी, हळूहळू कमी करत न्यायची, म्हणजे आतली गाठ जागी होईल. एकदम बंद केली तर परत तेच. गोळ्यांची डबी माझ्या ताब्यात. हे त्या वैद्याला गाठायला बाजारात गेले, तो दुसऱ्याच बाजारी बसायला लागला म्हणे.

पारूबाईंचा अजून विश्वास नाही. "सलाईननं देवी उतरवली तुमी."

डॉक्टरांनी एका वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी दिली. तणाव आणि शरीर यांवर सध्या जे संशोधन चाललं आहे त्यावर लेख. तोच रस भीतीच्या वेळी रक्तात उतरतो, पळायला बळ देतो, पण फार दिवस उतरत राहिला तर उलटा बाधतो. मला परवाच्या उन्हाळ्यातला लांडगा आठवला. एकच पाठ, तरणी शेळी, नेली त्यानं, पण बाकीच्या शेळ्या कितीतरी दिवस चरेनात. गाभण होती तिनं गाभ टाकला. म्हणजे त्यांच्यातही हाच रस? डॉक्टरांना विचारायचं.

लेख दोनदा वाचला. अर्धा कळला. उरलेला अर्धा कळावा म्हणून जीव नुसता तडफडतो.

२३ नोव्हेंबर

गोळी कमी होत चालली तशा आत्याबाईही. चेहऱ्याची सूज उतरली, चांगलं आहे. पण भिंतीकडे तोंड करून पडून असतात. सांधे दुखतात. मीरा जवळ गेली तर "जाय तिकडं." काल कारण नसताना रडल्या. डॉ. म्हणाले, होतं असं, धीर धरा.

मला त्या हसणाऱ्या आत्याबाई हव्या आहेत. लिहूनच टाकते एकदाचं.

३० नोव्हेंबर

आज हात डबीपर्यंत गेला. अर्धी गोळी जास्त. कुणाला कळणार? त्या उठतील, बोलतील, शेळी-पदराची गोष्ट परत सांगतील. आणि ते दुसरंही.

झाकण लावून ठेवलं. माझ्या कॉलेजासाठी त्यांच्या आतली गाठ झोपवायची, म्हणजे त्या वैद्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? गोठ्यात जाऊन शेण काढलं, गरज नसताना.

२५ जानेवारी २००४

शेवटची गोळी काल. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गाठ जागी होते आहे म्हणाले. पण वर्षभर जपायचं. ताप आला, जखम झाली, उपास धरला तर आधी त्यांना विचारायचं.

आत्याबाईंनी हे ऐकून विचारलं, "म्हंजे देवीचा उपास डाक्टरला इचारून?" डॉ. हसले. त्या हसल्या नाहीत.

८ फेब्रुवारी

ताप नाही, चक्कर नाही. सकाळी भाकर जाड झाली म्हणून बोलणी खाल्ली. दुपारी शेळीला पाला कमी टाकला म्हणून. जुन्या आत्याबाई परत आल्या, अगदी होत्या तशा. यांना फार आनंद. "माय बरी झाली, पाहा कशी भांडून राह्यली."

मलाही आनंद झाला. आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

कॉलेजचं मी काढलं नाही. कुणाकडे मागायचं? ज्यांनी शब्द दिला त्या या की त्या?

१५ फेब्रुवारी

आत्याबाई तूर पाखडत होत्या. मी समोर खडे वेचत. मान वर न करता म्हणाल्या, "पारू सांगत व्हती, पुडी खाऊन मी लई बडबड करत व्हते म्हणं. तुला काय काय बोलले?"

एकदा वाटलं, सांगू नये. एकदा वाटलं, दोन गोष्टी वाढवून सांगाव्या, कोण तपासतं? मग जेवढं होतं तेवढंच सांगितलं. शेळीचं, पदराचं. कॉलेजचं शेवटी.

सूप थांबलं.

"ते मी बोलले का पुडी बोलली?"

"डॉक्टर म्हणतात, पुडीनं तसं व्हते."

"डाक्टरला काय ठाऊक माझ्या पोटातलं." परत पाखडायला लागल्या. सूप रिकामं करून, "तुला काय वाटते?"

"तुमीच बोलल्या असं वाटते. पण मला तसं वाटून घ्यायचंच हाये आत्याबाई. मला नका इचारू."

माझ्याकडे टक लावून पाहिलं. असं त्यांनी मला आधी कधी पाहिलेलं नाही, पुडी खातानाही नाही.

"दोन दिस थांब," म्हणाल्या. "मला पाहू दे, माझ्या मनात ते हाये का न्हाई."

१८ फेब्रुवारी

दोनाचे तीन दिवस झाले, उत्तर अजून यायचं आहे. मी भाकरी केल्या, त्यांनी खाल्ल्या, पातळ-जाड काही नाही.

दुपारी मीरा रडत होती. मी चुलीपाशी होते. आत्याबाई आल्या, गुडघ्यावर हात टेकत वाकल्या, तिला कडेवर घेतलं आणि शेळ्यांकडे घेऊन गेल्या. गुडघा दुखत होता, चालण्यावरून दिसत होतं. मी पुढं झाले तर नको अशी मान हलवली.

ते "मीरीला मी पाहीन"चं उत्तर होतं, की मीरा रडत होती म्हणून नुसतं उचललं, मला कळत नाही. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याकडेच होती.