घरात कुणाला होता का?

औरंगाबाद, ८ जानेवारी २०१९

ती. सौ. दमयंतीताईस,
वैजनाथचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं भाऊजी चुकीचं सांगतात, म्हणून सविस्तर लिहितोय. आत्ताच नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय. माझ्यासारख्या सोरायसिसवाल्याला रोज अंग भिजवून मलम चोपडायचं असतं, त्यामुळं बादलीवरून घरात रोज भांडण. सकाळी चादर झटकली की कोंडा पडतो. तो मीच झाडतो, हिला झाडू देत नाही.

परवा कॉलनीत सत्यनारायण सांगायला गेलो होतो. तीर्थ द्यायला पळी उचलली, तर घरच्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, की तुम्ही दमलात, तीर्थ मी देते. मी दमलो नव्हतो, ताई. तळहातांना भेगा होत्या. नऊ जूनला ओवीचं लग्न आहे आणि लेकीचा हात या हातांनी द्यायचाय, हेच सारखं डोक्यात असतं.

जुन्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलं म्हणून त्या बंद केल्या. साखर आहेच. आता क्रांती चौकाजवळचे त्वचेचे डॉक्टर बायॉलॉजिक नावाचं नवं इंजेक्शन देणार आहेत. अंगातली जी ताकद उलटून कातडीवर येते, तिला ते आवरतं. पण त्यामुळं आत दबलेला क्षय उठू शकतो, म्हणून आधी रक्त, एक्स-रे सगळं केलं. सगळं चांगलं आलं. घरात कधी कुणाला क्षय होता का, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. तुझा शंतनू वाळूजच्या कंपनीतून रजा काढून माझ्याबरोबर आला होता. भाचा असावा तर असा. सोमवारी पहिलं इंजेक्शन.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, या महिन्यात थोडा वाढवलास तरी चालेल.

तुझा,
वैजनाथ


सोयगाव, १७ जानेवारी २०१९

चि. वैजनाथ यास,
अ. उ. आ.

मला मोतीबिंदूमुळं बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तुझं पत्र यांनीच वाचून दाखवलं. क्षयाचं वाचताना हे थांबले आणि म्हणाले, आपल्या दोन्ही घराण्यांत तसलं काही नाही. मी मान हलवली.

बाबा, इंजेक्शन थोडं लांबव. सुरू केलं असशील तर डॉक्टरांना म्हणावं, परत एकदा नीट तपासा. का ते विचारू नकोस. ओवी काही तुझे हात बघून सासरी जायची थांबणार नाही. मोठ्या बहिणीचं एखादं ऐकलंस तर तुझं काय जातंय?

सोबत तिळगूळ आहे. साखरेच्या माणसानं एकच खावा.

तुझी,
ताई


औरंगाबाद, २२ एप्रिल २०१९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही ते बरं झालं. पाठ, कोपरं, तळहात, सगळं साफ! हिनं परवा माझा हात हातात घेऊन इतका वेळ पाहिला, की मीच लाजलो. त्याच बाईंनी पुन्हा पूजेला बोलावलं आणि तीर्थासाठी स्वतः ओंजळ पुढं केली. घरी येऊन मी रडलो, हे भाऊजींना वाचू देऊ नकोस.

जळगाव रोड उकरून ठेवलाय, त्या धुळीनं तीन आठवडे खोकला आहे. संध्याकाळी थोडी कणकण येते. वजन उतरलंय, लग्नाचा कोट ढगळ होणार. शंतनू डॉक्टरांकडे चल म्हणून मागं लागलाय. पत्रिका वाटून झाल्या की जाईन.

तू लग्नाच्या आठ दिवस आधी ये. लोभात काटकसर नको.

तुझा,
वैजनाथ


सोयगाव, २७ एप्रिल २०१९

चि. वैजनाथ,
अ. उ. आ.

पत्र वाचशील तसा ऊठ आणि डॉक्टरांकडे जा. पत्रिका राहू देत.

अठरा वर्षांची असताना मला जो टायफॉईड झाला म्हणून सांगितलं, तो क्षय होता. दीड वर्ष मागच्या खोलीत होते मी. सुया, गोळ्या. बरी झाले, बहात्तरच्या दुष्काळात लग्न जमलं, आणि अण्णांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. तू लहान होतास, तुला कुणी काही सांगितलं नाही. तू रोज माझ्या ताटात जेवायचास, हाकललं तरी माझ्या पांघरुणात शिरायचास. जानेवारीतच लिहायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. तुझा जीव माझ्या संसारापेक्षा स्वस्त धरला मी, वैजू.

काल यांना सगळं सांगितलं. हे उठून ओसरीत गेले, जेवले नाहीत. पत्र मात्र मीच टाकून येतो म्हणाले.

तुझी अपराधी,
ताई


औरंगाबाद, १० मे २०१९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी थुंकीत रक्त आलं. क्षयच आहे. इंजेक्शन बंद. क्षयाच्या गोळ्या लिव्हरला जड, म्हणून आठवड्याला रक्त तपासतात. कोपरांवर पुन्हा खवले धरलेत. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं गोळ्या खाल्लेल्या अंगात तपासणी फसू शकते, म्हणून तर तोंडी विचारतो. आधी कळतं तर काही महिने औषध देऊन मगच हे इंजेक्शन दिलं असतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

स्वतःला अपराधी म्हणू नकोस. ताई, मला माहीत होतं. सुई द्यायला येणाऱ्या अप्पाराव कंपाउंडरचं बोलणं मी दाराआडून ऐकलं होतं. अण्णांनी देवघरात नेऊन शपथ घातली, की बोललास तर ताईचं लग्न व्हायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर जिभेवर आलं होतं. पण शेजारी शंतनू बसला होता. मी नाही म्हणालो. वाटलं, तपासणी खरं काय ते सांगेलच.

नऊ जूनला मला मांडवात बसू देतील की नाही, ते डॉक्टर आदल्या आठवड्यात सांगणार. म्हणून खालच्या ओळी भाऊजींसाठी.

ती. भाऊजी, सा. न. तुमच्यापासून लपवलं ते आमच्या घरानं, ताईनं एकटीनं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी नऊ वर्षांचा असल्यापासून त्यात सामील आहे. पण मला बसता आलं नाही, तर माझ्या ओवीचा हात तुम्ही आणि ताईनं जोडीनं द्याल का? ताईला शेजारी बसवून घ्याल का? उत्तर तुमच्या अक्षरात हवं. वाट पाहतो.

आपला,
वैजनाथ