कुरकुरणाऱ्या दाराच्या गाडीबाबत

गेल्या एकोणीस दिवसांत मला एकदाही गरम भात खाता आलेला नाही, ही बाब मी कायद्याच्या आणि परमेश्वराच्या नजरेस सर्वप्रथम आणू इच्छितो. माझा भाचा प्रज्वल याने माझी गाडी विकण्याची जाहिरात इंटरनेटवर टाकली आणि खाली स्वतःचा नव्हे, माझा मोबाईल नंबर दिला. तेव्हापासून मी पहिला घास उचलला की फोन वाजतो. ‘‘काका, लास्ट किती?’’ ‘‘ॲव्हरेज काय देते?’’ कल्याणच्या एका गृहस्थांनी ती वरातीसाठी भाड्याने मागितली आणि घोड्यापेक्षा स्वस्त पडेल का, असं विचारलं. मृत्यूचं भय मला नाही. गार भाताचं आहे.

सबब मी, हेमंत यशवंत गायकर, वय वर्षे ५६, राहणार बदलापूर पूर्व, धंदा: आनंदनगर एमआयडीसीत एकतीस वर्षं टूलरूममध्ये लोखंड तासणे आणि सतरा वर्षं एका स्थानिक साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर माणसं तासणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला देता येत नाही असं तेच डॉक्टर म्हणाले; येत्या बुधवारी ते उघडून पाहणार आहेत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. बायकोचं आहे, पण ते एकोणतीस वर्षांचं असल्याने हवामानात धरावं.

कलम १. राहता फ्लॅट, स्वकष्टार्जित, माझ्या पश्चात पत्नी सौ. मीना हिचा. बँकेत जे काही आहे तेही तिचंच. ते किती आहे हे तिला माझ्याआधी कळतं, त्यामुळे इथे लिहीत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारीही तीच. तिला नेमलं नसतं तरी तिने केलीच असती.

कलम २. माझा मायक्रोमीटर आणि मोजमापाची बाकी हत्यारं कन्या किर्ती हिला. ती दातांची डॉक्टर आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची कदर या घरात तिला आणि मला, दोघांनाच आहे. जावयांनी मायक्रोमीटर अक्रोड फोडायला वापरू नये. एकदा वापरला आहे. मी पाहिलं आहे.

कलम ३. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. राजेश टेंबे यांनी गेल्या पाच वर्षांत मला अकरा नोटिसा दिल्या. विषय प्रत्येक वेळी ‘पार्किंगमधील भंगार हटविणेबाबत’. नोटिसा फाइल करून ठेवल्या आहेत. परंतु दर रविवारी सकाळी सहा वाजता, फिरायला जायची टोपी घालून, हेच सेक्रेटरी कव्हर एका बाजूने उचलतात, त्या भंगारात जाऊन बसतात आणि स्टिअरिंग धरून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे दहा मिनिटं बघत राहतात, हे मी गॅलरीतून पाहत आलो आहे. गाडी विकली जाईपर्यंत त्यांचा हा हक्क अबाधित राहावा. नोटिसांचा राग मी त्यांच्याच नावे सोडतो.

कलम ४. आता गाडी. एम.जी. टी.डी., सन १९५१, इंग्लंडची बनावट, दोन माणसांची, उघड्या टपाची, रंग बाटलीसारखा हिरवा. ती मला उल्हासनगरला नानिकशेठच्या गोदामात सापडली. तिच्यावर जीन्सचे गठ्ठे रचलेले होते आणि ती गेली वीस वर्षं निमूटपणे मांडणीचं काम करत होती. नानिकशेठ म्हणाले, ‘‘साईं, वजन पे ले जा. लकड़ी का नहीं लूँगा, वो तो भूसा है.’’ तेव्हा मला प्रथम कळलं की पत्र्याच्या आत लाकूड आहे. या गाडीच्या अंगाचा सगळा सांगाडा लाकडाचा असतो, आणि विलायतेत त्यासाठी ॲश नावाचं झाड वापरतात. आमच्या सांगाड्यात वाळवी वापरली गेली होती.

इंजिन मी केलं. त्याचं कौतुक नाही. लोखंड माझं ऐकतं. सीट उल्हासनगरच्याच जीन्स शिवणाऱ्या कारागिराने शिवली, जीन्सच्याच जाड सुईने, आणि ‘‘खिसे किती ठेवू?’’ असं विचारून. लाकडापाशी मात्र मी हरलो. बदलापूर-अंबरनाथचे तीन सुतार पाहून गेले. एकाने प्लायवूड सुचवलं. दुसऱ्याने मॉड्युलर किचन.

कलम ५. बारवी धरणापलीकडल्या ठाकूरवाडीतले श्री. कोंडाजी हिरू आगिवले, वय अंदाजे बहात्तर, बैलगाड्या करत. चामटोलीच्या एका शेतकऱ्याने त्यांचं नाव सांगितलं. मी भुशाचे तुकडे गोणीत भरून त्यांच्या अंगणात ओतले आणि फोटो दाखवला. त्यांनी फोटो बाजूला ठेवला, कुजक्या तुकड्यांवरून तळहात फिरवला आणि विचारलं, ‘‘बैल कुठल्या अंगाला जुपायचं?’’

मी म्हणालो, ‘‘बाबा, हिला बैल नाहीत.’’

‘‘मंग बरं झालं. आमालाबी नायत.’’

त्यांच्या घरात चुलीवरच्या माळ्यावर धामणीचे ओंडके होते. त्यांच्याच बांधावरचं झाड वादळात पडलेलं. अकरा वर्षं धुरात वाळवून नव्या बैलगाडीसाठी राखलं होतं. मधल्या काळात मुलांनी बैल विकले, गाडी करायची राहिली. धामण वाकते, झटका सोसते आणि मोडत नाही. म्हणून पूर्वी गाडीच्या दांड्या आणि कावडी तिच्या करत. ते लाकूड त्यांनी खाली काढलं. मी म्हटलं, ‘‘तुम्ही हे गाडीसाठी ठेवलं होतं.’’ कोंडाजीबाबा म्हणाले, ‘‘गाडीलाच जातंय ना?’’

पुढले चार महिने मी दर रविवारी तिथे बसलो आणि माझी इतक्या वर्षांची टूलरूम गळून पडताना पाहिली. या माणसाकडे तासायला वाकस, कोरायला पटाशी आणि मापाला गाठी मारलेली एक दोरी होती. टेप मी नेला होता. त्यांनी तो कोंबडीच्या खुराड्याचं दार बांधायला वापरला. सीटच्या मागची लाकडी कमान वाफेवर वाकवली. बाबांच्या पत्नी जिवलीबाई भात उकडतात त्या टोपाच्या झाकणातून पाइप काढला, पाइपात लाकूड घातलं आणि ते अर्ध्या तासाने बाहेर काढून बाबांनी आपल्या गुडघ्यावर वाकवलं. एकदाच. मी माणसं प्रार्थना करताना पाहिली आहेत. त्यात इतकी शांतता नसते.

सांधे बसवताना मी भांडलो. मला ते घट्ट हवे होते. बाबा मात्र प्रत्येक सांध्यात पळसाचं एक वाळलेलं पान घालायचे, लाकूड बसवायचे आणि मग पान हळूच ओढून काढायचे. पानाएवढी फट राहायची. मी म्हणालो, ‘‘बाबा, दारं कुरकुरतील.’’

‘‘कुरकुरू द्या. कुरकुरते ती गाडी मोडत नाय. घट बसलेली मोडते. मानसाचंबी तेच हाय, शेट.’’

मी मनात म्हटलं, म्हातारा गावठी आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवत आहे. दुसऱ्यांच्या चुका मी सतरा वर्षं छापल्या, ही माझी.

कारण त्यानंतर महिन्याभराने डाव्या बाजूचा पत्रा सोलताना मला आत एक जुना सांधा सापडला, वाळवीने विसरलेला, अख्खा. सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडात कोणीतरी केलेला. त्यात फट होती. फट मोजायच्या पातळ पत्र्या घालून ती मोजली: ०.२३ मिलिमीटर. बाबांची मोजली: ०.२२. तीनदा मोजली. मग मी पार्किंगमध्ये खाली फरशीवर बसलो.

तो तुकडा मी बाबांना नेऊन दाखवला. आतल्या बाजूला पेन्सिलीची एक छोटी तिरकी रेघ होती, त्या इंग्रज सुताराची खूण. बाबांनी रेघेकडे पाहिलंही नाही. पटाशीचे वण उन्हात धरून तिरपे केले आणि हसले. ‘‘हा डावखुरा व्हता. माज्यासारखाच.’’ मग जिवलीबाईंना हाक मारली, ‘‘अगं, हे बघ, ह्यो आपला निघाला.’’

मी विचारलं, ‘‘तुम्ही खूण करत नाही?’’

‘‘कशाला? मला ठाऊक हाय ना.’’

बाबांनी हयातीत चाळीसेक गाड्या केल्या. त्यांतली आज एकही उभी नाही. शेवटच्या दोन गाड्या लोकांनी बंबात जाळल्या. त्यांच्या हातची आता ही एकच गाडी जगात चालते, आणि तीही विलायती पत्र्याखाली. पुढलं कलम यासाठी आहे.

कलम ६. गेल्या रविवारी मुंबईहून एक संग्राहक आणि त्यांचे तज्ज्ञ गाडी पाहायला आले. तज्ज्ञांनी दार उघडलं, दार कुरकुरलं. त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘‘गाड़ी लेंगे. लेकिन ये जंगल का लकड़ा पूरा निकालना पड़ेगा. इम्पोर्टेड डालेंगे. पेपर में ओरिजिनल लिखना है.’’

मीना म्हणाली, ‘‘आधी चहा घ्या. काढायचं काय ते नंतर बघू.’’

त्यांनी जो आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही, कारण प्रज्वल हे वाचणार आहे आणि त्याला रात्री झोप लागली पाहिजे. शिवाय गाडी विकायला हवीच आहे. माझ्यानंतर तिला हात लावणारं घरात कोणी नाही, आणि उभी गाडी म्हणजे पुन्हा मांडणी. प्रज्वल म्हणाला, ‘‘मामा, लाकूड कुणाला दिसतंय? पत्र्याच्या आत आहे!’’

मी म्हणालो, ‘‘हृदय पण आतच असतं, गाढवा. बुधवारी तेही इम्पोर्टेड बसवू का?’’

तो खाली बघत म्हणाला, ‘‘तसं नाही ओ.’’ मग त्याने माझ्यासमोर बसून जाहिरात बदलली. ‘फुल्ली ओरिजिनल’ काढलं. आता तिथे आहे: ‘सांगाडा धामणीचा. कारागीर कोंडाजी हिरू आगिवले, ठाकूरवाडी. दारं कुरकुरतात, ती तशीच हवीत.’

सबब माझी आज्ञा अशी की, मी जगलो वा न जगलो, ही गाडी जो कोणी घेईल त्याने हा सांगाडा न काढण्याचं लेखी द्यावं, आणि विक्रीच्या कागदावर कारागिराचं नाव असावं. आकडा कमी आला तर कमी घ्यावा. मुंबईच्या गृहस्थांना मी ‘नाही’ असं कळवलं आहे.

जाहिरात बदलल्यापासून फोन फक्त एकदा वाजला; वरचे एकोणीस दिवस त्याआधीचे. नाशिकच्या कोणी बाई होत्या. त्यांनी ॲव्हरेज विचारलं नाही. म्हणाल्या, ‘‘पानाएवढी फट म्हणजे नेमकी किती हो? मी येऊन बघू का?’’ मी ताट बाजूला सारलं आणि सांगत बसलो. भात निवला. तक्रार नाही.

कलम ७. जिवलीबाईंचा टोप. कमान वाफेवर असताना टोपात पाणी घालत राहायचं काम माझ्याकडे होतं. मी बाबांचे हात बघत राहिलो आणि टोप करपून त्याच्या बुडाला भोक पडलं. बाई तेव्हा म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुमच्या गाडीला बाक आला, आन् माज्या टोपाला भोक.’’ मी म्हणालो, ‘‘पुढच्या रविवारी नवा आणतो.’’ त्या रविवारला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्या शेजारणीचा टोप मागून आणून भात उकडतात, आणि मला एका शब्दाने बोललेल्या नाहीत. तरी माझ्या पश्चात त्यांना तसाच नवा टोप द्यावा.

हे कलम वाचून आमच्या वकील ॲड. जिज्ञासा पालांडे म्हणाल्या, ‘‘काका, साक्षीदार कोण?’’ मी म्हटलं, ‘‘एक तुम्ही, दुसरे सेक्रेटरी टेंबे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळालेलं चालत नाही. टेंबेंना तुम्ही रविवारी गाडीत बसायचा हक्क दिलाय.’’ टेंबेंना विचारलं. ते लाल झाले, टोपी हातात फिरवली आणि म्हणाले, ‘‘सही दुसऱ्या कोणाची घ्या.’’

मग मी कोंडाजीबाबांचं नाव सांगितलं. जिज्ञासाताई म्हणाल्या, ‘‘ते चालतील. पण साक्षीदाराच्या बायकोलाही काही देता येत नाही. टोप द्यायचा तर बाबा नकोत. बाबा हवेत तर टोप काढा.’’

मी थोडा विचार केला आणि उल्हासनगरला गेलो.

आज रविवारी हे कागद घेऊन मी हिरव्या गाडीने ठाकूरवाडीत आलो. जिज्ञासाताई प्रज्वलच्या गाडीतून मागून आल्या. बाबांना शेजारी बसवून धरणापर्यंत फेरी मारली. ते रस्त्याकडे बघतच नव्हते. कान दाराला लावून बसले होते. खड्डा आला की सांगाडा कुरकुरे आणि ते मान हलवत. परत आल्यावर जिवलीबाई म्हणाल्या, ‘‘उतर आता. माजी पाळी.’’ 

वरील मजकूर मी बाबांना मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. स्वतःचं नाव आल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग मी दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत.

मृत्युपत्र करणार: हेमंत यशवंत गायकर (सही)

साक्षीदार १: ॲड. जिज्ञासा पालांडे, अंबरनाथ (सही)

साक्षीदार २: कोंडाजी हिरू आगिवले, सुतार, ठाकूरवाडी. निशाणी: डाव्या हाताचा अंगठा, आणि शेजारी पेन्सिलीची एक छोटी तिरकी रेघ.

ठिकाण: ठाकूरवाडी, गाडीच्या बॉनेटवर
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

ता. क. कलम ७ मधली आज्ञा सह्यांपूर्वी खोडली आहे. टोप सकाळीच पोचता केला. जिवलीबाईंनी तो बोटाने वाजवून पाहिला आणि फेरीभर मांडीवर धरून ठेवला. — हे. गा.