बुधवारची गाडी

डे मॉईन, २३ फेब्रुवारी १९११

ती. थेआताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईचा खोकला छातीत उतरलाय हे वाचल्यापासून घास गिळवत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं लिही, मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस. इथे सिनेटर निवडायला आम्ही आमदार रोज दुपारी मतं देतो आणि रोज दोन्ही बाजू सारख्याच भरतात. माझी खुर्ची एक दिवस रिकामी राहिली तर रेल्वेवाल्यांचा माणूस निवडून येईल. मी निघू कसा?

आईला नमस्कार सांग. तुझा लोभ आहे म्हणून तग धरून आहे.

हाल्वर

एल्क होलो, २५ फेब्रुवारी

चि. हाल्वर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, आठवडा निघणं कठीण. आई रोज संध्याकाळी विचारते, पोराचं मत देऊन झालं का. मी म्हणते, एवढ्या दिवसांत आपल्या कोंबडीने दोनदा पिल्लं काढली असती. ती हसते, आणि मग खोकल्याने जीव घाबरा होतो तिचा. अरे, तुमच्यात जोडी लावायची पद्धत आहे ना? तू घरी असेपर्यंत समोरच्यांपैकी एकजण मत द्यायचं थांबेल, असा कोणीच नाही? कोणाचेही पाय धर, पण ये.

तुझी ताई

डे मॉईन, २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रूइटसाहेब तयार झाले! भर सभेत मला सुकटखाऊ नॉर्वेवाला म्हणाले होते, तेच. मी परत येईपर्यंत तेही मत देणार नाहीत. यात लेखी काही नसतं, नुसता हातात हात. आमच्या बाजूचे मला वेड्यात काढतात. म्हणतात, तुझी गाडी हलली की म्हातारा उठून मत देईल, आणि रेल्वेवाल्यांच्या सिनेटरचं खापर जन्मभर तुझ्या माथी. मलाही धाकधूक वाटते. तरी उद्या रात्रीच्या गाडीत बसतो, बुधवारी सकाळी पोचतो. आईला सांग, आलोच.

हाल्वर

एल्क होलो, ६ मार्च

चि. हाल्वर यास,
आशीर्वाद.

काल सकाळी तू परत गेलास, आणि आई गेल्याचं कळून दुपारी प्रूइटसाहेब बायकोला घेऊन भेटायला आले. म्हातारा बराच वेळ टोपी हातात धरून उभाच होता. म्हणाले, बुधवारपासून तोंड मिटून बसलो, आमच्याच लोकांनी गद्दार म्हणून शिव्या घातल्या. बुधवारी मतं चालू असताना तू त्यांना वर प्रेक्षकांच्या सज्जात दिसलास, खांबाच्या आड. त्यांना वाटलं, बर्फाने गाडी अडली असेल बिचाऱ्याची. तू गावातच आहेस हे दिसूनही ते गप्प राहिले, कारण शब्द दिला होता. जाताना विचारलं, पोराची आणि आईची भेट झाली ना? मी हो म्हणाले.

गाडी अडली नव्हती, हाल्वर. बुधवारी सकाळी मी घोडे जुंपून स्टेशनवर उभी होते. गाडी वेळेवर आली, सगळे उतरले, मी गार्डालाही विचारलं. आई गुरुवारी पहाटेपर्यंत शुद्धीवर होती. चाकं वाजली की दाराकडे बघायची. तू आलास गुरुवारी संध्याकाळी.

ज्यांचा शब्द खरा की खोटा हे बघायला तू मागे थांबलास, ते प्रूइटसाहेब भेटले की त्यांचे आभार मान. माझा लोभ आहे, तो जाणार नाही. पण इतक्यात पत्र लिहू नकोस.

थेआ