सूसा ते सार्दिस, सेंधव्यावरून

आप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि माझं पुस्तक आत्ता कुठे छापायला चाललंय. पर्शियन साम्राज्यांनी लांबच्या व्यापारासाठी काय केलं, हाच तो विषय. नाशिकच्या कॉलेजात शिकवून शिकवून मी पार दमलेय. समोर शेवटचं प्रूफ आहे, आणि त्यातल्या ऋणनिर्देशाच्या पानापाशी दोन दिवस अडून बसलेय. तुमच्याशी बोलल्याशिवाय ते पान हातावेगळं होणार नाही.

मालेगावच्या घरातला तो रविवार आठवतो? आई भाकरी थापतेय, मी तिच्याशेजारी बसून प्रबंधाचं प्रकरण वाचून दाखवतेय, तुम्ही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून येऊन ताटावर बसलाय. माझ्या प्रकरणात नुसता माल होता. रेशीम, मोती, मसाले, घोडे. कौतुक होईल म्हणून मी वर पाहिलं, तर तुमचा घास हातातच. "माल लय सांगितलास, पोरी. पण घोडा थकला तर बदली कुठं मिळायची? मुक्काम कुठं? वाटेत लुटलं तर दाद कुणाकडं?" मी भडकले. "आप्पा, हा इतिहास आहे, तुमचे ट्रक नाहीत!" आई म्हणाली, "जेवू दे गं त्यांना." तुम्ही हात धुतलेत, खिशातून मालासोबत द्यायची एक कोरी बिल्टी काढलीत आणि तिच्या पाठीवर आग्रा रोडची रेघ ओढलीत. धुळ्याला टायरवाला, शिरपूरला घाटाआधी ब्रेक बघणारा मिस्त्री, सेंधव्याला निरोप ठेवून घेणारा ढाबेवाला. "राजा माल नाय विकत. राजा रस्ता राखतो. रस्ता राखला की माल आपसूक चालतो."

तोंडाने मी काही कबूल केलं नाही. पण नाशिकला येऊन सगळं प्रकरण फाडलं आणि नव्याने लिहिलं. इराणातल्या सूसापासून आजच्या तुर्कस्तानातल्या सार्दिसपर्यंतचा राजरस्ता, टप्प्याटप्प्यावरच्या चौक्या, ताजे घोडे, पहारे. पुढे काही शतकांनी पर्शियाच्याच ससानी घराण्यातल्या राजांनी आखातातली बंदरं हाताशी धरली आणि रोमकडे जाणारं कितीतरी रेशीम इराणी व्यापाऱ्यांच्या हातून जाऊ लागलं, तेही. हे सगळं ग्रंथांत होतंच, मीच मालावर डोळे लावून बसले होते.

मग ते चर्चासत्र. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने आलात आणि शेवटच्या रांगेत बसलात. त्या नव्या प्रकरणावरचा माझा निबंध सगळ्यांना आवडला. अध्यक्षांनी विचारलं, "मालाऐवजी रस्त्याकडे बघायचं, हे सुचलं कसं?" मी म्हणाले, "वाचनातून." ट्रकवर माल चढवून देणारा बाप त्या विद्वानांपुढे सांगायची मला लाज वाटली, आप्पा. स्टँडवर गाडीची वाट बघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं बोललीस. मागपर्यंत ऐकू येत होतं." तुम्ही चिडला असतात तर फार बरं झालं असतं.

ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, ग्रंथालयं आहेत, टाइप करून देणारी मुलगीसुद्धा आहे. तुमच्या वाट्याला एक ओळ आहे, 'तीर्थरूप आप्पांचे आशीर्वाद'. आशीर्वाद कसले, तुम्ही अख्खं प्रकरण दिलं होतंत. ती ओळ बदलायची म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. पण बदलली तर लोक विचारणार, इतकी वर्षं का नाही सांगितलंत? आता ते निस्तरायचं त्राण माझ्यात नाही.

पत्र अर्धं झालं असताना प्रेसचा माणूस आला. मी त्याला चहा दिला आणि प्रूफही दिलं. ओळ होती तशीच आहे.