वेणी सुटायच्या आत

दि. १० डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. सुट्ट्या लागल्या की सगळी दुनिया कुठे ना कुठे निघते आणि तिला पोचवायला आम्ही ड्रायव्हर. लांबच्या मार्गावर जादा गाड्या सोडल्यात, एकदा निघालो की तीन-चार दिवस घर दिसत नाही. तेवढे दिवस झिपरी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे असते. काकू चांगल्या आहेत, तिला चिंध्या देतात आणि ती बाहुल्यांना झगे शिवते.

फोन न करता लिहितोय, कारण घर दीड खोलीचं आणि पोरीचे कान तिखट. अक्का, तिचे केस गळतायत. आधी उशीवर दिसले तेव्हा म्हटलं, थंडीची कोरडी हवा आहे, असेल काहीतरी. परवा न्हाऊन आली तेव्हा नीट पाहिलं. दोन्ही कानशिलांवर केस विरळ झालेत, डावीकडे तर आतलं कातडं दिसतं. हिच्या आईचं असंच सुरू झालं होतं ना? आधी उशीवर, मग फणीत, मग दवाखाना, आणि मग ती घरी आलीच नाही. आता झिपरी उठून तोंड धुवायला गेली की मी पटकन उशीवरचे केस वेचून एका कागदाच्या पुडीत लपवतो. तिला काही कळायला नको.

केसांची आबाळ होत नाही, हे शपथेवर सांगतो. आपल्या घराण्याचे ते दाट कुरळे केस, फणी घातली की फणीच हार मानते. तरी निघायच्या आधी वेण्या मीच घालतो. टपावरचं सामान बांधतो तशा पक्क्या, वाटेत कितीही हिसके बसले तरी ढिल्या पडणार नाहीत. तिची आई गेल्यापासून आमचा एक ठराव आहे. निघताना मी तिला सांगतो, वेणी सुटायच्या आत मी परत येतो. आता फेऱ्या लांबल्या, म्हणून वेणीही जरा जास्त आवळतो, इतकंच.

डॉक्टरकडे न्यायला हवं, कळतं मला. पण ती पायरी आठवली तरी हातपाय गळतात. तुझे केसही तसेच आहेत. या वयात तुझे कधी गळले होते का, तेवढं खरं खरं कळव.

लोभ आहेच, सध्या त्यातला थोडा धीर म्हणून पाठव.

तुझा,
भाऊ


दि. १४ डिसेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र काउंटरवर उभ्या उभ्याच वाचलं. समोर पार्सलवाल्यांची रांग दारापर्यंत होती आणि मी एका बाईला तिचंच पार्सल परत दिलं. पोस्टात हे दिवस म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही, रजा तर मागूच नका म्हणतात. नाहीतर आजच निघाले असते.

तुला खोटं का सांगू, मीही घाबरले आहे. या वयात माझे केस गळले नव्हते. तुटायचे, गुंतायचे, वर्गातल्या मुली त्यात पेन्सिली खोचून ठेवायच्या, पण गळले नाहीत. तुला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. तुझं डोकं वाढलं की बाबा न्हाव्याकडे नेऊन सफाचट करून आणायचे आणि तू टोपी घालून रडत बसायचास.

आता नीट ऐक. कोरड्या केसांत फणी घालायची नाही, कधीच नाही. केस ओले असताना कंडिशनर लावायचं, बोटांनी गुंता सोडवायचा आणि मग रुंद दातांची फणी खालच्या टोकाकडून वर वर न्यायची. टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, जुना सुती सदरा गुंडाळून पाणी टिपून घे. रोज शांपू नको. लोकरीची टोपी केस ओढते, शिंपीणकाकूंना सांगून तिला आतून गुळगुळीत अस्तर लावून घे, आणि उशीलाही तशीच खोळ. एवढं केलंस तर कोरड्या हवेत केस तुटणं कमी होईल.

पण कातडं दिसतं म्हणतोस, ते मला झोपू देत नाही. डॉक्टरकडे ने. तुझे हातपाय गळोत नाहीतर राहोत, ने. आणि मला लगेच कळव.

माझा जीव टांगणीला आहे. पोरीला माझ्याकडून एक पापा आणि तुला एक धपाटा.

तुझी,
अक्का


दि. १५ डिसेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र शिंपीणकाकू टपालात टाकणार आहेत. बाबांना माहीत नाही. तू पोस्टात आहेस म्हणून तुला लवकर मिळेल असं मला वाटतं.

आत्या, मला आईचा आजार झाला आहे. माझे केस जातात. फणीत जेवढे येतात तेवढे मी एका मोज्यात लपवून ठेवते, म्हणजे बाबांना दिसणार नाहीत. उशीवर मात्र एकही नसतो, हे कसं ते मला कळत नाही. बाबांना सांगितलं तर ते मला दवाखान्यात नेतील आणि मग मी घरी येणार नाही. मग बाबांचं कोण? त्यांना चहासुद्धा नीट करता येत नाही.

माझं डोकंही दुखतं. वेणी घातली की पहिल्या दिवशी भुवया वर ओढल्यासारख्या होतात आणि झोपताना कानाजवळ आग होते. काकू म्हणाल्या, मी सैल करून देते. मी त्यांना हात लावू दिला नाही. बाबा वेणी सुटायच्या आत परत येतात. बाबा घाटात असताना सुटली तर? म्हणून मी झोपेत हलतसुद्धा नाही.

तू मोठी आहेस आणि तुझे केस अजून आहेत, म्हणून तुला विचारते. आईला दुखत होतं का? बाबांना सांगू नकोस, तुला माझी शपथ.

काकूंनी मला हिरव्या मखमलीचा तुकडा दिला. तू आलीस की दाखवीन.

तुझी,
झिपरी


दि. १८ डिसेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

हे पत्र जलद टपालाने धाडते आहे. हातात पडेल तेव्हा जिथे असशील तिथून घरी जा आणि पोरीची वेणी सोड. आधी सोड, मग खाली वाच.

तिने मला शपथ घातली होती, ती मी मोडते आहे. तिचं पत्र सोबत जोडलं आहे. मोज्याबद्दल वाचताना मला काउंटर सोडून आत जावं लागलं. तू उशीवरचे लपवतोस, ती फणीतले लपवते, आणि दीड खोलीत तुम्ही दोघं एकमेकांना धीर देत बसला आहात.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. सगळं तूच लिहिलं होतंस, भीतीने मला दिसलं नाही. अरे, ते पोरीचं डोकं आहे, गाडीचा टप नव्हे. आपले केस वरून दणकट दिसतात पण मुळाशी नाजूक असतात, इतके ताणले तर कानशिलाजवळचे आधी निघून येतात. मला असं वाटतं. खात्री नाही, आणि या बाबतीत मला माझ्या वाटण्यावर सोडू नकोस. डॉक्टरकडे नेऊन आण. उत्तर येईपर्यंत मला घास गिळवणार नाही.

तिला रागावू नकोस. स्वतःलाही नको, ते मी भेटल्यावर करीन.

तुझी,
अक्का


दि. २९ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नुसतं सगळं ठीक आहे एवढंच म्हणालो आणि फोन ठेवून दिला. बाकीचं इथे लिहितो.

तुझं पत्र डेपोत मिळालं. घरी आलो आणि वेण्या सोडायला बसलो. गाठी माझ्याच, तरी मला सुटेनात. झिपरी आधी ओरडली, सोडू नका म्हणाली. मी आलोय ना, मग आता सुटली तर चालते, असं सांगितल्यावर तिने मान पुढे केली. शेवटचं रबर निघालं तेव्हा तिने डोळे मिटून इतका लांब श्वास सोडला की मला तिच्याकडे बघवेना. मग मी माझी कागदाची पुडी काढली आणि तिने तिचा मोजा आणला. तिने पुडी उघडून पाहिली आणि मला विचारलं की बाबा, तुम्हीपण घाबरला होतात का. मी हो म्हणालो.

डॉक्टरांच्या पायरीवर तिनेच माझा हात धरला. डॉक्टरबाईंनी भिंगातून पाहिलं आणि ताणामुळेच केस गेलेत म्हणाल्या. माझं तोंड बघून रक्तही तपासायला घेतलं. निकाल येईपर्यंत मी दोनदा चुकीच्या थांब्यावर गाडी उभी केली. रक्त स्वच्छ आहे, अक्का. तिच्या आईसारखं काही नाही. सैल ठेवले तर कानशिलावरचे केस हळूहळू येतील, असा त्यांना भरवसा आहे. मला अजून पुरता नाही, मी रोज भिंग घेऊन बसतो. टोपीला अस्तर लावलंय, हिरव्या मखमलीची खोळ काकूंनी शिवली, कंडिशनर लावताना निम्मं माझ्या सदऱ्यावर जातं.

पण खरी अडचण पुढच्या फेरीला आली. मी डॉक्टरबाईंनी सांगितल्यासारखी सैल वेणी घातली. तिने हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ही तर संध्याकाळीच सुटेल, मग तुम्ही कसे येणार, असं विचारलं. सुटली तरी येईन म्हणालो, पण तिला ते पटलं नाही. कसं पटावं, इतके दिवस मीच उलटं सांगत आलो होतो. शेवटी मी ती वेणी माझ्या हाताने सोडली आणि तिला तशीच मोकळ्या केसांनी काकूंच्या दारात उभी करून निघालो. वळणापर्यंत ती दोन्ही हातांनी केस धरून उभी होती. सगळ्या घाटात मी इतकी सावकाश गाडी चालवली की प्रवाशांनी तक्रार केली.

काल दुपारी परत आलो. ती दारातच होती. मला पाहून धावत आली नाही. आधी तिने डोक्याला हात लावून चाचपून पाहिलं, केस मोकळेच आहेत ना म्हणून, आणि मग धावत आली.

सुट्ट्या संपल्या की तू ये. लोभ आहेच, तो आता सैल धरला तरी राहील.

तुझा,
भाऊ